विमानप्रवास आणि न धुतलेली फिल्म

समजा, पुण्यांतील एका घरीं आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा आहे. लंडनला नोकरीनिमित्त राहणारा नातू त्यासाठीं मुद्दाम आला आहे. आजोबांनीं पूर्वीं वापरलेला आणि आतां त्याला दिलेला फिल्मचा कॅमेरा त्याच्या गळ्यांत आहे. खिशांतल्या फोननें चित्रें घेणारीं माणसें घरांत पुष्कळ आहेत. परंतु ह्या कॅमेऱ्यांत छत्तीस चित्रांचा एकच रोल भरलेला आहे, आणि नातू तीं छत्तीस चित्रें जपून, विचार करून घेत आहे. आजी ओवाळीत आहे, आजोबांच्या थोरल्या भगिनी त्यांच्या शेजारीं पाटावर बसल्या आहेत, दारांतून शाळासोबती आंत येत आहेत. सोहळा आटोपला. परततांना नातवानें तो रोल मोठ्या पेटींत, कपड्यांच्या घड्यांमध्यें नीट गुंडाळून ठेवला, पेटीला कुलूप लावलें आणि ती विमान कंपनीच्या स्वाधीन केली. त्याच्या समजुतीप्रमाणें ह्याहून सुरक्षित जागा दुसरी नव्हती. लंडनमध्यें रोल धुवून आला तेव्हां प्रत्येक चित्रावर राखेसारखी झांक पसरलेली होती, आणि कित्येक चित्रांवरून लाटेसारखे पट्टे गेलेले होते. सोहळा तर पुन्हां होणारा नव्हता.

हा प्रसंग कल्पित आहे, पण त्यांतील नुकसान कल्पित नाहीं. विमानतळावर सामानाची तपासणी क्ष-किरणांनीं होते, आणि न धुतलेली फिल्म व क्ष-किरण ह्यांचें मुळांतच पटत नाहीं. फिल्मचे कॅमेरे नामशेष होणार असें वीस वर्षांपूर्वीं पुष्कळांस वाटत होतें. परंतु अलीकडे ते पुन्हां तरुण मंडळींच्या हातीं दिसूं लागले आहेत. लग्नसमारंभांत एकदांच वापरावयाचे स्वस्त कॅमेरे पाहुण्यांच्या हातीं देण्याची हौसही वाढली आहे. दुसऱ्या बाजूला विमानतळांवरील यंत्रें पूर्वींपेक्षां अधिक प्रबळ होत चाललीं आहेत. म्हणून ज्या घरांत असा कॅमेरा आहे, आणि ज्या घरांतील मुलें परदेशीं जात-येत असतात, त्या घरानें ह्या विषयाची थोडी ओळख करून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम फिल्म म्हणजे काय, तें पाहिलें पाहिजे. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा एक पातळ लेप दिलेला असतो. त्या लेपांत चांदी आणि ब्रोमीन ह्यांच्या संयोगानें झालेले असंख्य सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. कॅमेऱ्याची झडप क्षणभर उघडते, तेव्हां ज्या स्फटिकांना पुरेसा प्रकाश लागतो त्यांच्यांत चांदीचे अगदीं मोजके अणू मोकळे होतात. ह्या वेळीं डोळ्यांना कांहींही दिसत नाहीं. पण संस्कार मात्र झालेला असतो. पुढें अंधाऱ्या खोलींत ती फिल्म रसायनांत धुतली, म्हणजे संस्कार झालेला प्रत्येक स्फटिक संपूर्णपणें काळ्या चांदींत पालटतो, आणि ज्यांना संस्कार झालेला नाहीं ते स्फटिक शेवटीं विरघळून निघून जातात. दुधाच्या भांड्याला विरजणाचा एक थेंब लागला, कीं सकाळपर्यंत सगळें दूध लागतें. तसाच हा प्रकार आहे. कॅमेऱ्यांतून निघालेली पण न धुतलेली फिल्म म्हणजे नुकतें विरजण लावलेलें दूध. ह्या मधल्या अवस्थेंत बाहेरून दुसरा एखादा थेंब पडला, तर तोही आपलें काम करणारच. एकदां धुवून पक्की झालेली फिल्म म्हणजे मात्र लागलेलें दहीं. तिला क्ष-किरणांपासून मुळींच भय नाहीं. घरांतील जुन्या निगेटिव्ह, रंगीत पारदर्शिका आणि कागदावरचीं छायाचित्रें कितीही वेळां यंत्रांतून गेलीं तरी त्यांना कांहीं होत नाहीं.

क्ष-किरण आणि छायाचित्रणाची पट्टी ह्यांचा परिचय फार जुना आहे. किंबहुना क्ष-किरणांचा जन्मच ह्या पट्टीच्या साक्षीनें झाला. जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें विल्हेल्म राँटजेन ह्या शास्त्रज्ञाला ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं ह्या अज्ञात किरणांचा सुगावा लागला, आणि २२ डिसेंबर रोजीं त्यानें आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र छायाचित्रणाच्या कांचेवर उमटविलें. त्यांत हाताचीं हाडें आणि बोटांतील अंगठी हीं स्पष्ट दिसत होतीं. १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक त्याला मिळालें. राँटजेनच्या शोधानंतर थोड्याच महिन्यांनीं, १८९६ सालीं, पॅरिसमध्यें आंरी बेकेरेल ह्याला असें आढळलें, कीं काळ्या कागदांत गुंडाळून ठेवलेल्या कांचा केवळ युरेनियमच्या क्षाराच्या सान्निध्यानें काळवंडतात. काळा कागद प्रकाशाला अडवितो, पण असल्या किरणांना अडवीत नाहीं, हें तेव्हांच सिद्ध झालें.

ह्याचा आणखी एक विलक्षण पुरावा पुढें मिळाला. १६ जुलै १९४५ रोजीं अमेरिकेंतील न्यू मेक्सिको प्रांतांत पहिल्या अणुबाँबची चांचणी झाली. त्यानंतर कोडक कंपनीच्या क्ष-किरण फिल्मवर कारण नसतां ठिपके पडूं लागले. ज्यूलियन वेब ह्या कंपनीच्या शास्त्रज्ञानें माग काढला, तेव्हां दोष फिल्मचा नसून तिच्या वेष्टनांतील पुठ्ठ्याचा असल्याचें दिसून आलें. तो पुठ्ठा चांचणीच्या जागेपासून फार दूर, इंडियाना प्रांतांतील एका गिरणींत तयार झाला होता. स्फोटाची किरणोत्सर्गी धूळ वाऱ्याबरोबर येऊन नदीच्या पाण्यांत उतरली, आणि तें पाणी पुठ्ठा करतांना वापरलें गेलें होतें. डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांची नोंद फिल्म किती प्रामाणिकपणें घेते, हें सांगण्यास ह्याहून चांगलें उदाहरण सांपडणार नाहीं.

आतां हे किरण विमानतळावर कां आले? १९१२ सालीं दादासाहेब फाळके ह्यांनीं चित्रपटासाठीं इंग्लंडहून कॅमेरा आणि कच्ची फिल्म आणविली, ती बोटीनें आली. त्या काळीं पेटी उघडून पाहणाऱ्या जकातीच्या अधिकाऱ्याखेरीज तिला दुसरा धोका नव्हता. विमानप्रवास वाढला आणि १९६० नंतरच्या दशकांत विमानें पळविण्याचे प्रकार वाढत गेले. अमेरिकेंत ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातांतील सामानाची तपासणी सक्तीची झाली, आणि प्रत्येक पिशवी उघडून पाहण्याऐवजीं क्ष-किरणांचीं यंत्रें आलीं. २३ जून १९८५ रोजीं एअर इंडियाचें ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर असतां स्फोटानें नष्ट झालें आणि ३२९ माणसें मृत्युमुखीं पडलीं. तो बाँब विमानाच्या पोटांत ठेवावयाच्या पेटींतून आला होता. २१ डिसेंबर १९८८ रोजीं स्कॉटलंडमधील लॉकर्बी गांवावर पॅन अ‍ॅम कंपनीचें विमान कोसळलें, तेव्हांही बाँब पेटींतच होता. विमानांतील आणि गांवांतील मिळून २७० माणसें गेलीं. ह्या दोन घटनांनंतर विमानाच्या पोटांत जाणाऱ्या सामानाकडे जगाचें लक्ष वेधलें. २००१ सालच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर अमेरिकेनें कायदा करून २००२ सालच्या अखेरपर्यंत अशा प्रत्येक पेटीची स्फोटकांसाठीं तपासणी आवश्यक ठरविली. फिल्मचें रक्षण करूं इच्छिणाऱ्यानें ही पार्श्वभूमि विसरतां कामा नये. तपासणी करणारा शिपाई हा छायाचित्रकाराचा शत्रु नव्हे. ज्या विमानांत त्या शिपायाच्या तपासणीनंतर छायाचित्रकार बसणार आहे, त्याच विमानाची राखण तो करीत असतो.

तपासणीचीं यंत्रें मुख्यतः दोन प्रकारचीं असतात, आणि त्यांतील भेद जाणणें हीच ह्या विषयांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. पहिलें साधें यंत्र. त्यांत सरकत्या पट्ट्यावरून पिशवी जाते, किरणांचा एक पातळ पंखा तिच्यांतून आरपार जातो, आणि पडद्यावर तिची सावली दिसते. भिंतीवर हाताची सावली पडावी तसेंच हें चित्र असतें. ह्यांत किरणांची मात्रा अगदीं अल्प असते. दुसरें यंत्र म्हणजे रुग्णालयांतील सी.टी. स्कॅनचें भावंड. ज्या तत्त्वावर तें चालतें त्याच्या सिद्धीबद्दल गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक ह्यांना १९७९ सालीं वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या यंत्रांत किरणांचा उगम वस्तूभोंवतीं प्रदक्षिणा घालतो, शेंकडों बाजूंनीं सावल्या घेतो, आणि गणकयंत्र त्या सर्व सावल्या जुळवून वस्तूची आंतील रचना कापाकापानें दाखवितें. सावली पाहून जी वस्तु ओळखतां येत नाहीं, ती सर्व बाजूंनीं पाहिल्यावर ओळखतां येते. अर्थात् इतक्या सावल्या घ्यावयाच्या म्हणजे किरणही तितकेच अधिक लागतात. असें पहिलें यंत्र अमेरिकेंत १९९४ सालीं मान्य झालें तें पोटांत जाणाऱ्या पेट्यांसाठीं. म्हणून कल्पित प्रसंगांतील नातवाची चूक अशी, कीं जी जागा त्याला सर्वांत सुरक्षित वाटली तीच फिल्मला सर्वांत घातक होती. न धुतलेली फिल्म, मग ती कोरी असो किंवा चित्रें घेतलेली असो, पेटींत घालून कधींही देऊं नये. हा एक नियम जरी ध्यानांत राहिला तरी निम्में काम झालें.

साध्या यंत्रांतून फिल्म गेली तर काय होतें, हें तिच्या संवेदनक्षमतेवर अवलंबून असतें. प्रत्येक रोलवर आय.एस.ओ. ह्या अक्षरांपुढें एक अंक छापलेला असतो. १००, २००, ४००, ८०० असे हे अंक वाढत जातात, आणि अंक दुप्पट झाला कीं तितक्याच प्रकाशाला फिल्म दुप्पट लवकर दाद देते. मोठ्या अंकाच्या फिल्ममधील स्फटिक सामान्यतः मोठे असतात. पावसांत अंगणांत वाटी आणि परात शेजारीं शेजारीं ठेविल्या तर परातींत जास्त थेंब पडणारच. त्याप्रमाणें मोठ्या स्फटिकांत किरणही अधिक सांपडतात. शिवाय क्ष-किरणाचा कण हा दृश्य प्रकाशाच्या कणापेक्षां हजारों पटींनीं प्रबळ असतो. प्रकाशाचे कित्येक कण मिळून एका स्फटिकावर जो संस्कार करतात, तो करण्यास क्ष-किरणाचा एकच कण, स्फटिकांत शोषला गेला तर, पुरेसा होतो. म्हणून साध्या यंत्राजवळ ८०० किंवा तत्सम अंकापर्यंतची फिल्म चालेल अशी पाटी पुष्कळ ठिकाणीं दिसते. १०० किंवा २०० अंकाची फिल्म अशा यंत्रांतून एकदां-दोनदां गेली तर डोळ्यांना जाणवेल असा फरक बहुधा पडत नाहीं. ३२०० अंकाची फिल्म मात्र एकदांही जाऊं देऊं नये.

ह्या ठिकाणीं आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. फिल्मवर होणारा परिणाम सांचत जातो. सावकाराच्या वहींत जशी रक्कम चढत जाते, तशी प्रत्येक तपासणी फिल्मच्या खात्यावर चढते. मधल्या काळांत ती कमी होत नाहीं. मुंबईहून दुबईमार्गें लंडनला जाऊन त्याच मार्गानें परत येणाऱ्याची पिशवी निदान चार वेळां यंत्रांतून जाते. प्रत्येक वेळचा परिणाम नगण्य असला, तरी बेरीज नगण्य असेलच असें नाहीं.

अलीकडे एक नवी अडचण उत्पन्न झाली आहे. पूर्वीं सी.टी. पद्धतीचीं यंत्रें फक्त मोठ्या पेट्यांसाठीं होतीं. आतां तीं हातांतील पिशव्यांसाठींही येऊं लागलीं आहेत. अमेरिका, ब्रिटन व युरोप येथील अनेक विमानतळांवर तीं बसविलीं गेलीं आहेत, आणि भारतांतील मोठ्या विमानतळांवरही त्यांचा प्रवेश होत आहे. प्रवाशांना तीं सोयीचीं वाटतात, कारण पिशवींतून संगणक वगैरे बाहेर काढावे लागत नाहींत. फिल्मला मात्र हीं यंत्रें वाईट. कोडक आणि इल्फर्ड ह्या फिल्म तयार करणाऱ्या कंपन्यांचा सल्ला असा आहे, कीं अंक कोणताही असो, न धुतलेली फिल्म ह्या यंत्रांतून जाऊं देऊं नये. जुन्या पाटीवर लिहिलेली ८०० ची मर्यादा येथें लागू नाहीं. हें यंत्र ओळखावें कसें? त्याचें तोंड बहुधा मोठें व अंग फुगीर, गोलसर असतें. आणि संगणक पिशवींतच राहूं द्या असें सांगितलें गेलें, कीं पुढें हेंच यंत्र असण्याचा संभव आहे असें समजून चालावें. तपासनिसाच्या पडद्यावर पिशवीचें चित्र चेंडूसारखें फिरवून पाहिलें जात असेल तर शंकाच नको.

झालेलें नुकसान कसें दिसतें, हेंही माहीत असावें. नाहीं तर दोष बिचाऱ्या धुणाऱ्याच्या माथीं जातो. साध्या यंत्रांतून पुष्कळदां गेलेल्या फिल्मवर सर्वत्र सारखी झांक येते. चित्रांतील काळा भाग खरा काळा न राहतां धुरकट होतो, सावलींतील बारकावे नाहींसे होतात, आणि कण खरखरीत दिसूं लागतात. रंगीत फिल्ममध्यें रंगांचा तोल जातो. पेट्यांच्या प्रबळ यंत्रांचा एक विशिष्ट दोष म्हणजे पट्टे. संशयित जागीं किरणांचा अरुंद झोत पडला, म्हणजे फिल्मवर सुमारें एक सेंटिमीटर रुंदीचा पट्टा उमटतो. आणि रोल गुंडाळलेला असल्यामुळें, उलगडल्यावर तो पट्टा लाटेसारखा वर-खालीं होत जातो. असे पट्टे दिसले, कीं धुणाऱ्याकडे बोट न दाखवितां प्रवासाची आठवण करावी.

उपाय कोणता? तो एकच आहे: हातानें तपासणी करण्याची विनंती. अमेरिकेच्या नियमांत स्पष्ट म्हटलें आहे, कीं प्रवाशानें मागणी केल्यास त्याचें छायाचित्रणाचें साहित्य व फिल्म क्ष-किरणांवांचून तपासली पाहिजे. तेथील सुरक्षा-विभागही न धुतलेली फिल्म, आणि ती भरलेला कॅमेरा, पिशवींतून बाहेर काढून हातीं देण्यास सांगतो. इतर देशांत हा बहुधा त्या जागेवरील अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न असतो. भारतांत बहुतेक मोठ्या विमानतळांवर ही तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान करतात. त्यांना रोज हजारों माणसें पाहावयाचीं असतात, आणि त्यांच्यांतील तरुण जवानांनीं फिल्मचा रोल कदाचित् कधीं हातांत धरलेलाही नसतो. तेव्हां विनंती अशा रीतीनें करावी, कीं ती मान्य करणें त्यांना सोपें जावें.

ह्यासाठीं तयारी घरींच करावी. रोल कागदी खोक्यांतून काढून एका पारदर्शक, तोंड बंद होणाऱ्या पिशवींत ठेवावे, म्हणजे आंत काय आहे तें पाहतांक्षणीं कळतें. अपारदर्शक डब्या टाळाव्या. रोलवरील अंक वरच्या बाजूस दिसेल असें पाहावें. विमानतळावर पोंचण्यापूर्वीं कॅमेऱ्यांतील रोल संपवून बाहेर काढावा. भरलेला कॅमेरा यंत्रांतून गेला तर आंतील फिल्मही गेली. आणि कुतूहलानें कोणी त्याचें मागचें झांकण उघडलें तर क्ष-किरणांपूर्वींच भर उजेडानें चित्रें नासतात. रोल काढणें शक्य नसेल तर कॅमेऱ्यावर ‘आंत फिल्म आहे, उघडूं नये’ अशी इंग्रजी चिठ्ठी चिकटवावी. नेहमींपेक्षां अर्धा-पाऊण तास लवकर निघावें, कारण ज्याला घाई आहे त्याला नम्र राहतां येत नाहीं. पिशवी पट्ट्यावर ठेवण्यापूर्वींच, रांगेंत आपली पाळी येतांच, ती हातांत धरून थोडक्यांत सांगावें, कीं ही न धुतलेली फिल्म आहे, क्ष-किरणांनीं ती खराब होते, कृपा करून हातानें पाहावी. तपासनीस रोलच्या बाहेरून कापडाची एक पट्टी फिरवून ती स्फोटकांच्या यंत्रांत घालून पाहील. ह्यानें फिल्मला कांहीं होत नाहीं. प्रवाशाला ज्या धातुशोधक चौकटींतून जावें लागतें तिच्यांत क्ष-किरण नसतात, फक्त सौम्य चुंबकीय क्षेत्र असतें. तिच्यांतून जातांना फिल्म खिशांत असली तरी बिघडत नाहीं.

विनंती नाकारली गेली तर? वरिष्ठ अधिकाऱ्याला एकवार विचारून पाहावें, पण वाद घालूं नये. अशा वेळीं दुसरे मार्ग आधींच योजून ठेवलेले असावे. त्यांतील सर्वांत चांगला मार्ग म्हणजे परतण्यापूर्वीं फिल्म तेथेंच धुवून घेणें. धुतलेल्या फिल्मला कोणतेंही यंत्र बाधत नाहीं, हें वर आलेंच आहे. मुंबईसारख्या शहरांत फिल्म धुणाऱ्या जागा आजही आहेत. कोरी फिल्म जेथें जावयाचें तेथेंच विकत घेतली, तर जातांनाची एक खेप वांचते. आणि महत्त्वाच्या प्रसंगाचीं सर्व चित्रें एकाच रोलवर व एकाच माणसाच्या पिशवींत असूं नयेत, इतकें तर कोणालाही पाळतां येईल.

शिसें लावलेल्या पिशव्या बाजारांत मिळतात, आणि पुष्कळांचा त्यांवर भरंवसा असतो. शिसें किरणांना अडवितें हें खरें. पण तपासनिसाच्या पडद्यावर तेवढ्या जागीं एक काळा ठोकळा दिसतो. आंत काय आहे हें पाहणें हेंच तर त्याचें काम. तो पिशवी थांबवितो, पुन्हां यंत्रांतून पाठवितो किंवा उघडावयास सांगतो. हातांतील सामानांत ह्यामुळें निदान हातानें तपासणी तरी होते. परंतु पोटांत जाणाऱ्या पेटींत, आणि प्रबळ यंत्रापुढें, ह्या पिशवीवर विसंबून राहूं नये.

तत्काळ चित्र देणाऱ्या कॅमेऱ्यांची फिल्मही ह्याच जातीची आहे. मुलांच्या हातीं सर्रास दिसणाऱ्या इन्स्टॅक्स जातीच्या फिल्मचा अंक ८०० आहे. तिच्यांतून निघालेल्या चित्रांना भय नाहीं. न वापरलेल्या पाकिटाला मात्र आहे. एकदांच वापरावयाच्या कॅमेऱ्यांतही बहुधा ४०० किंवा ८०० अंकाचा रोल असतो, आणि तो बाहेर काढतां येत नाहीं. तेव्हां अख्खा कॅमेराच हातानें तपासण्यास द्यावा. टपालानें किंवा कुरिअरनें फिल्म पाठवावी असें कोणाला सुचेल; पण विमानानें जाणारीं पार्सलेंही किरणांतून जाऊं शकतात, म्हणून हा मार्ग निर्धोक समजूं नये.

आकडी कॅमेरा, म्हणजे ज्यांत फिल्म नसून स्मरणपत्रिका असते तो, ह्या संकटांतून मुक्त आहे. विमानतळावरील क्ष-किरणांनीं त्या पत्रिकेवरील चित्रांना धोका पोंचत नाहीं. त्याला धोका आहे तो आदळआपटीचा, चोरीचा आणि बॅटरीचा. म्हणून कॅमेरा व भिंगें पेटींत न देतां हातांतच ठेवावीं. कॅमेऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या तर पेटींत देण्यास मनाईच आहे. त्या हातांतील पिशवींत, टोंकें चिकटपट्टीनें झांकून किंवा स्वतंत्र वेष्टनांत ठेवाव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना साधारणतः वेगळी परवानगी लागत नाहीं, आणि कॅमेऱ्याच्या नेहमींच्या बॅटऱ्या ह्या मर्यादेच्या पुष्कळ आंत असतात. ह्या नियमाचें कारण उघड आहे. बॅटरीनें पेट घेतला, तर बसण्याच्या जागीं ती विझवितां येते. विमानाच्या पोटांत तिच्याजवळ कोणी नसतें. थंड विमानांतून उतरून मुंबईच्या दमट हवेंत पाऊल ठेवतांच कॅमेरा बाहेर काढूं नये, ही आणखी एक सूचना. गार भिंगावर दंव धरतें; तो पिशवींतच थोडा वेळ राहूं द्यावा, म्हणजे बाहेरच्या हवेइतका उबदार होतो.

इतकी खटपट एका लहानशा रोलसाठीं करावी काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर स्टीव्ह मॅकरी ह्या छायाचित्रकाराच्या एका प्रवासांत सांपडतें. नॅशनल जिओग्राफिक मासिकाच्या जून १९८५ च्या अंकावर झळकलेलें अफगाण मुलीचें चित्र त्यानेंच कोडाक्रोम फिल्मवर घेतलें होतें. १९३५ सालीं निघालेली ही फिल्म कंपनीनें २००९ सालीं बंद केली, आणि कारखान्यांतून निघालेला शेवटचा छत्तीस चित्रांचा रोल मॅकरीच्या हवालीं केला. तो रोल घेऊन त्यानें न्यूयॉर्कमध्यें चित्रें घेतलीं, तो मुंबईला आला, राजस्थानांत गेला, आणि अखेर २०१० सालीं अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत पार्सन्स ह्या छोट्या गांवीं, जेथें ही फिल्म धुण्याची सोय शेवटपर्यंत राहिली होती, तेथें तो स्वतः घेऊन गेला. इतक्या मोठ्या प्रवासांत त्या रोलची जागा दुसरा रोल घेऊं शकला नसता, कारण कारखान्यांतून निघालेला शेवटचा रोल तोच होता.

घरोघरच्या रोलची गोष्ट फारशी वेगळी नाहीं. फिल्म दुकानांत पुन्हां मिळेल; तिच्यावर ज्यांचा चेहरा उमटला आहे तीं वडील माणसें त्याच वयांत, त्याच दिवशीं, त्याच पाटावर पुन्हां बसणार नाहींत. म्हणून घरांतील मुलगा किंवा मुलगी कॅमेरा घेऊन परदेशीं निघाली, तर लाडू-चिवड्याच्या डब्यांबरोबर एक पारदर्शक पिशवीही तयार करून द्यावी. फिल्म पेटींत घालावयाची नाहीं, यंत्रापाशीं आधीं विचारावयाचें, आणि जमल्यास धुवूनच न्यावयाची, ह्या तीन गोष्टी सांगाव्या. पहिल्या प्रसंगांतील नातवाला त्या कोणी सांगितल्या असत्या, तर आजोबांच्या सोहळ्याचीं छत्तीस चित्रें आज घरांत असतीं.